पिवळे हात

शुक्रवारी दुपारी सुंदराने रंग मोजायच्या यंत्रात ठेवायची क्वार्ट्झची ती बोटाएवढी चौकोनी नळी उपडी केली, झटकली, पाण्याने विसळली आणि सवयीप्रमाणे खिडकीच्या उजेडात धरली, तर नळी रिकामी झालेली नव्हती. आत थेंब नव्हता. पण चहाच्या कपाला बुडाशी राहतो तसा एक फिकट तांबूस पापुद्रा चारी भिंतींना बसून राहिला होता. तिने पुन्हा विसळली, पुन्हा धरली. पापुद्रा तिथेच. भरलेली कळशी समजून जोर लावावा आणि ती रिकामी निघावी, तसा खांद्याला आतून एक झटका बसला. खिडकीबाहेर मुंबईची एप्रिलमधली दुपार नेहमीसारखीच पांढरी पडली होती, सज्जावर कबुतरं घुमत होती, मागे पंखा कुरकुरत होता. त्या सगळ्यात काहीच बदललं नव्हतं आणि तरी हातातल्या एवढ्याशा काचेने गेली कित्येक वर्षं तिच्यासमोर आणून ठेवली होती. ही नळी ती रोज हाताळत होती. म्हणजे हा पापुद्रा रोजच बसत होता का? आणि ती रोज न बघता विसळून ठेवून देत होती?

गावाकडे कुणी विचारलं की ती सांगायची, मी रंगांचं काम करते. ते खोटं नव्हतं. पॉर्फिरिन म्हणजे रक्ताला लाल आणि पानाला हिरवं करणाऱ्या कुळातला रेणू. एक सपाट ताट आणि त्याच्या चार बाजूंना चार हात. सुंदराच्या रेणूंच्या हातांवर धन भार होता आणि डीएनएच्या दोन्ही कडा ऋण भाराच्या, त्यामुळे ओढ तर होतीच. प्रश्न असा होता, की ओढीने गेलेला रेणू जाऊन बसतो कुठे. डीएनए म्हणजे पिळलेली शिडी. हाताच्या टोकाशी, चौथ्या जागी, मिथिलचा गट असला तर हात वळून ताटाच्या पातळीत आडवे होतात आणि सगळा रेणू दोन पायऱ्यांमधल्या फटीत अलगद सरकतो. तोच गट दुसऱ्या जागी, ताटाच्या काठाला लागून असला, तर तो काठाला अडतो. हात उभे ते उभेच राहतात आणि असा रेणू फटीत शिरू शकत नाही. एवढाच फरक. वजन तेच, अणू तेवढेच, भार तोच. त्या दुसऱ्या जागेवाल्यावर तिचा जीव होता. तो शिरत नाही हे सगळ्यांनाच मान्य होतं. सुंदराचं म्हणणं असं, की तो शिरत नाही पण सोडूनही जात नाही. शिडीच्या पिळाला बाहेरून जी पन्हळ पडते तिच्यात धरून राहतो, आणि हे धरणंही धरणंच आहे. डीएनए घातल्यावर पाण्यातला त्याचा रंग किंचित उतरायचा, तेवढ्या पुराव्यावर तिच्या प्रबंधाचं पाचवं प्रकरण उभं होतं. आणि आता कळत होतं, की रंग काचही उतरवू शकते.

तिचे मार्गदर्शक, ज्यांना त्या मजल्यावर सगळेच नुसतं ‘सर’ म्हणत, मागे येऊन उभे होते हे तिला त्यांच्या तपकिरीच्या वासावरून कळलं. त्यांनी नळी तिच्या हातातून घेतली, चष्मा कपाळावर सारून बघितली.

“हा तर काचेला धरतोय, सुंदराबाई.”

“हो सर.”

“बाहेरून धरणारा भिंतीलाही धरतो. तुमचा रंग डीएनएने घेतला का काचेने, सांगणार कसं?” ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. “पाचवं प्रकरण काढलं, तर उरतो तो चौथ्या जागेवाला. आणि त्याच्यावर अमेरिकेत आधीच छापून आलंय. मग तुमचं असं राहिलं काय?”

कर्जतच्या कॉलेजातून शिकवण्याची रजा घेऊन ती इथे आली होती, रजा जूनमध्ये संपत होती, आणि सदतिसाव्या वर्षी पुन्हा नव्याने सुरुवात करायला कोण देतं? सरांनी नळी ठेवली आणि चष्मा डोळ्यांवर आणत, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “पिशव्या लावून बघा.” पिशव्या म्हणजे अतिबारीक छिद्रांच्या पातळ नळकांड्या, त्यांतून रंगाचा रेणू ये-जा करू शकतो, डीएनएचा लांबलचक धागा बाहेर पडू शकत नाही. तिने काचेला हातच लावला नाही. प्लॅस्टिकच्या दोन बरण्या आणल्या, एक चौथ्या जागेवाल्यासाठी, एक दुसऱ्या जागेवाल्यासाठी. प्रत्येक बरणीत दोन पिशव्या सोडल्या, एकीत डीएनए, एकीत नुसतं पाणी, आणि बाहेर सगळीकडे रंग. कुणीच धरत नसेल तर दोन्ही पिशव्या सारख्याच रंगतील. डीएनए धरत असेल तर त्या पिशवीत रंग जमत जाईल. घाई नको. दोन दिवस तरी थंड खोलीत ठेवायचं. “मी उद्या गावी जाणार होते सर. चुलतभावाचं लग्न आहे. पण आता...” सर हसले. “जा की. इथे बसून पिशव्या उबवणार आहात का?”

शनिवारी सकाळी एस.टी.ने पनवेल सोडलं आणि चौकच्या अलीकडे इर्शाळगडाचा सुळका दिसायला लागला, तशी तिच्या मनातली बरणी जरा मागे सरली, पण गेली नाही. पुढे तिथून केवढे मोठाले रस्ते झाले. तेव्हा पुण्याची वाहनंसुद्धा त्या एकाच रस्त्याने, झाडांच्या बोगद्यातून जायची आणि खालापूरच्या फाट्यावर उतरलेल्या माणसाला गाडी गेल्यावर पाखरांचा आवाज ऐकू यायचा. फाट्यापासून गावात चालत जाताना पाताळगंगेच्या पात्रापाशी ती थांबली. पूल कधीच झाला होता, पण तिला आठवला तो उतार. शाळेला जायचं तर नदी ओलांडावी लागे आणि आई, सोनुबाई, तिचा हात कधीच धरत नसे. डोक्यावर पाटी असायची, एक हात पाटीला, दुसरा तोल सांभाळायला. “पदर धर गं. आन् सोडू नको,” एवढंच म्हणायची. पदराचं टोक मुठीत घट्ट, ओलं, त्याला भाताच्या कोंड्याचा वास, पायाखाली गोटे सरकतायत, आणि आईची पाठ पुढे. आई मागे वळून बघायची नाही. सुंदराला वाटायचं, आईला कळत तरी असेल का, मागे कुणी धरलंय ते? हा प्रश्न तिने आईला कधी विचारला नाही. आजही, पुलावर उभं राहून, तिला तो विचारावासा वाटला आणि हसू आलं. माणूस पस्तिशी ओलांडतो, रसायनशास्त्र शिकतो आणि शेवटी प्रश्न तोच घेऊन बसतो.

मांडवात तिचं पाऊल पडायच्या आत काकीची, म्हणजे गौराबाईची, आरोळी आली. गौराबाई नवऱ्या मुलाची आई. चार दिवसांच्या बडबडीने तिचा आवाज बसला होता, पण बसलेला आवाजही आळीभर जायचा. “आली गं बाय, आली आमची मुंबैवाली! मोतीबाय, ही बघ, आली तुजी करवली!” आणि बायकांमध्ये एकच खसखस पिकली. सुंदराला आधी वाटलं थट्टाच आहे. मोतीबाई गावची धवलारीण. इकडे लग्नात भटाच्या आधी धवलारणीचा शब्द; धवले गाऊन लग्न लावायचं काम तिचं, आणि कुणी कुठे उभं राहायचं हेही तीच ठरवणार. ती पाटावर पाय पसरून सुपारी कातरत बसली होती. तिने मान वर केली ती हसायला नव्हे.

“नवऱ्याच्या पाठीशी कुवारी बईन पायजे. पदूच्या तिघी बईनी लगीन होऊन गेल्या. चुलत घरात कोन ऱ्हायली?”

“मी? मोतीमावशी, माझे केस पिकलेत गं.”

“पिकूं दे. कुवारी ती कुवारी. देव काय केस मोजीत बसलाय?”

“एखादी लहान पोर घ्या ना कुणाची.”

“कोनाची घेऊ? भाड्यानं आनू?” मोतीबाईने अडकित्ता खाली ठेवला. “तुजा आजा गेला तवा तू रडलीस का नाय? पदूला कडेवर घेऊन तूच फिरलीस का नाय? मंग तूच ऱ्हाशील हुभी.”

पदू, नवरा मुलगा, दाराआडून बघत होता. लहानपणी सुंदराने त्याला नाक पुसायला शिकवलं होतं. आता मिशी ठेवून खोपोलीच्या कारखान्यात लागला होता. “ताई, हो म्हन ना,” तो म्हणाला, “नायतर ही मला हळद पन लावून द्यायची नाय.” काकी म्हणाली, “साडी तं बरी नेसशील का तो पांडरा कोट घालून येशील?” आणि पुन्हा सगळ्या हसल्या. सुंदराही हसली. आई मात्र चुलीपाशी वाकून होती, तिने वर बघितलं नाही. आईचं न बघणं सुंदराला ओळखू येत असे. वाल्मिक नावाचा कर्जतचा मास्तर तिला बघायला आला होता, त्या गोष्टीलाही आता पुष्कळ दिवस झाले. माणूस वाईट नव्हता. ‘एम.एस्सी. झाल्यावर पुढे काय?’ असं त्याने विचारलं होतं आणि ‘पुढे आणखी शिकणार’ असं तिने खरं तेच सांगितलं होतं. निरोप आलाच नाही. त्यानंतर आई कुणाच्याही लग्नात अशीच चुलीपाशी काम शोधायची, कारण तिथे तिला कुणी विचारायचं नाही, ‘सोनुबाय, सुंदराचं काय?’

दुपारी हळद कालवायला बसल्या. परातीत ओली हळद, जरासं तेल, आणि बायकांचे हात. करवलीने पहिला हात घालायचा म्हणून सुंदराने बांगड्या मागे सारून दोन्ही हात मनगटापर्यंत त्या थंड, जाडसर लगद्यात बुडवले. वास सरळ डोक्यात गेला. त्या वासात कितीतरी दुपारी होत्या. थोरल्या बहिणीचं लग्न, शेजारच्या जनीचं, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी तिच्या गालाला बोट लावून ‘आता तुझा नंबर’ म्हणालेलं. तेव्हा गाल आक्रसायचा. आज कुणी तसं म्हणालं नाही, आणि तिच्या लक्षात आलं, की त्याचं तिला वाईट वाटत नाहीये, उलट पायातली चप्पल काढून ठेवावी तसं मोकळं वाटतंय. काकीने मळता मळता विचारलं, “सुंदरे, तू ता मुंबैला करतंस तरी काय? नीट सांग. सगली विचारतात मना.”

“एक रंग आहे काकी. तो डीएनएला कसा धरतो ते बघते.”

“ते काय असतं?”

“आपल्या सगळ्यांच्या अंगात असतं. मी घेते ते माशापासून काढलेलं.”

“कंच्या माशापासून? बोंबलापासून?”

“परदेशातला मासा आहे.”

“मंग बेचवच असंल,” काकी म्हणाली, आणि परातीभोवती हशा पिकला. सुंदराने पिवळ्या बोटांनी हवेतच शिडी काढून दाखवली, पिळून दाखवली. “दोघं भाऊ आहेत असं समज. तोंडावळा एक, ताकद एक. पण एकाचे हात आडवे होतात, तो सरळ आत जाऊन बसतो. दुसऱ्याचे हात होत नाहीत आडवे, त्याला आत जाता येत नाही. पण तो बाहेरून धरून राहतो, असं माझं म्हणणं आहे.”

मोतीबाई इतका वेळ ऐकत नाही असं वाटत होतं. “म्हंजे नवरा आन् करवली,” ती म्हणाली.

“आन् करवली काय मांडव सोडून जाते?” काकी लगेच म्हणाली. “पंगत उठल्याबिगर हलायची नाय ती!”

सुंदरा इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसताना हळद गालाला लागली. हसता हसताच मनात कुठेतरी बरणी हलली. काकीला काय, म्हणायला सोपं. पण त्याने खरंच कुणाला धरलंय, का नुसतं भिंतीला, हे अजून थंड खोलीत अंधारात ठरत होतं. आणि त्या प्रश्नाच्या मागोमाग दुसरा आला, जो तिने शुक्रवारपासून दारात थोपवून धरला होता. आपणही शिमग्याला येतो, गणपतीला येतो, पदूला पुस्तकं आणतो, आईला चष्मा करून देतो. हे आपण माणसांना धरलंय, का या घराच्या भिंतींना? मागच्या वर्षी पडवीची कौलं काढून पत्रे टाकले तेव्हा घरात कुणालाच काही वाटलं नव्हतं. ती एकटीच मागच्या अंगणात जाऊन रडली होती. कौलांसाठी रडणारं माणूस कशाला धरून असतं? परातीतल्या हातांना हात लागत होते, काकीचे खरबरीत, जनीचे बांगड्यांनी भरलेले, कुणाचे कुणाचे ते कळेनासं झालं होतं, सगळेच पिवळे. तिने तो प्रश्न तसाच राहू दिला. हळद थंड होती आणि बरं वाटत होतं.

रविवारी वऱ्हाड टेंपोत भरून निघालं. मुलगी भिवपुरीची, बाप वीजघरात कामाला, लग्न तिथेच वसाहतीच्या मैदानात. खोपोलीकडून पळसदरीवरून कर्जत, आणि तिथून पुढे. उन्हाने टेंपोची कड हाताला पोळत होती, डोंगराच्या अंगाला करवंदीच्या जाळ्या काळपट दिसत होत्या, आणि कर्जतला कॉलेजच्या फाटकावरून जाताना सुंदराने पदर डोक्यावर ओढून घेतला, कारण हातात करा, कपाळाला मळवट आणि तोंडभर हळद अशा अवतारात विद्यार्थी भेटला असता तर रजा संपल्यावर वर्गात काय ऐकावं लागलं असतं ते तिला ठाऊक होतं. करा म्हणजे पाण्याने भरलेला तोटीचा तांब्या, वर नारळ. तो सांडू द्यायचा नाही आणि खालीही ठेवायचा नाही. मांडवाच्या दाराशी तोरण फार खाली बांधलं होतं. पदू वाकून शिरला. ती हातातलं पाणी सांभाळत तशीच ताठ उभी राहिली, आणि अचानक तिला जस्त आठवलं. ताटाच्या मध्यभागी तांबं बसवलं तर रेणू सपाटच राहतो आणि फटीत सरकतो. जस्त बसवलं तर त्याच्या माथ्यावर पाण्याचा एक रेणू येऊन बसतो, मग त्याला शिरता येत नाही. इतकी वर्षं ती ते फळ्यावर काढत आली होती, पण पाणी सांभाळणाऱ्याची मान कशी अवघडते ते आज कळत होतं. तिला हसू फुटलं. नवरीकडच्या बायकांना वाटलं, करवली अडून बसलीय, काहीतरी मागतेय. “काय पायजे गं करवलीला?” कुणीतरी ओरडलं. “दार उंच करा,” ती म्हणाली. आणि खरोखरच दोघांनी तोरण वर उचलून धरलं.

मोतीबाईचे धवले सुरू झाले. म्हाताऱ्या गळ्यातून निघणारा तो एकसुरी, ओढलेला आवाज. लहानपणी तो ऐकता ऐकता सुंदरा आईच्या मांडीवर झोपून जायची. अंतरपाटाच्या दोन बाजूंना दोन जीव, आणि ती पदूच्या मागे, करा धरून. तिला पदूची मान दिसत होती, कानामागे राहिलेली हळद दिसत होती. समोरच्या नवरीची बोटं हारातल्या फुलांशी चाळा करताना दिसत होती. त्या दोघांना एकमेकांची दिसत नव्हती ती सगळी हालचाल तिला दिसत होती. इथून किती दिसतं, तिला वाटलं. अंतरपाट सरला, अक्षता उडाल्या, टाळ्या झाल्या, आणि पदूने मागे वळूनही न बघता उजवा हात मागे करून तिचा हात चाचपला आणि एकदा दाबला. लगेच सोडला. कुणी बघितलं नाही. सुंदराला क्षणभर काहीच दिसेना.

पंगत उठल्यावर ती वसाहतीच्या नळावर हात धुवायला गेली. साबण लावला तर पिवळं होतं ते एकदम लालसर झालं. पाण्याने धुतलं तर पुन्हा पिवळं. नखांच्या कडा, तळव्याच्या रेषा, मनगट, सगळं पिकलेल्या फणसाच्या गऱ्यासारखं. आणि तेव्हा तिने नळ बंद केला. हळद. हळद उजेड पिते तो बरोबर त्याच जागेला, जिथे तिचा रेणू पितो. यंत्राच्या पट्टीवर दोघांमध्ये केसाचं अंतर. हळदीचा एक कण बोटावरून त्या नळीला लागला, तर आकडा रंगाचा का हळदीचा हे कुणालाच सांगता येणार नाही. आणि परवा-तेरवाशिवाय हे हात निघणार नाहीत. हातमोजे तेव्हा कुठल्या प्रयोगशाळेत सुखासुखी मिळत होते? मुंबईत एवढी काटेकोर असणारी ती, काल मनगटापर्यंत हात घालताना तिच्या डोक्यात हे आलंसुद्धा नव्हतं. परातीपाशी बसलेली बाई रसायनशास्त्र शिकलेलीच नव्हती जणू. ती नारळाच्या शेंडीने तळवे घासत होती तेव्हा मागून आई आली. सोनुबाईने तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, उलटे केले, सुलटे केले.

“घासू नको. कातडं जाईल.”

“आई, उद्या काम आहे गं. हे हात चालणार नाहीत.”

“झाले बाय एकदाचे पिवले,” आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर थट्टा होती का दुसरं काही, ते सुंदराला कळायला वेळ लागला. मुलीचे हात पिवळे करायचे, या एका शब्दासाठी ही बाई किती मांडवांत चुलीआड बसली होती. आणि आता तेच हात धरून उभी होती. “लोकं म्हनत व्हती, करवली केवडी शोभत व्हती. मी म्हनलं, माजीच हाय.” पदराने तिने सुंदराचे हात कोरडे केले, एकेक बोट.

“आई,” सुंदराने विचारलं, “नदी उतरताना मी पदर धरायचे, ते तुला कळायचं?”

“नाय तं काय? माजी मान दुखायची ना,” आई म्हणाली. “केवडी वडायचीस तू!”

सोमवारी ती परस्पर प्रयोगशाळेत गेली. जिन्यात कुणी हात बघून थबकलं, कुणी “अभिनंदन!” म्हणालं, आणि सर तर खुर्चीतून अर्धे उठलेच. “हे कधी ठरलं?” “भावाचं लग्न, सर. मी करवली.” सर पुन्हा बसले, त्यांना जरा वाईट वाटल्यासारखं झालं, मग हसू आलं. मग त्यांनी तिच्या हातांकडे शास्त्रज्ञाच्या नजरेने बघितलं आणि हसू गेलं. “या हातांनी तुम्ही माझ्या क्वार्ट्झला शिवणार?” “नाही सर. म्हणूनच म्हणते, आज तुम्ही करा.” सरांनी पिपेट हातात धरून कित्येक वर्षं झाली होती. त्यांनी घड्याळ काढून खिशात टाकलं, बाह्या सारल्या, आणि तिने हात पाठीमागे बांधून त्यांच्या शेजारी उभं राहायचं ठरलं. थंड खोलीचं दार त्यांनीच उघडलं. बरण्या त्यांनीच बाहेर आणल्या. सुंदराने आधी डोळे मिटले, ते तिच्या मनाविरुद्ध मिटले, आणि मग उघडून दुसऱ्या जागेवाल्याच्या बरणीत बघितलं. नुसत्या पाण्याची पिशवी बाहेरच्या पाण्यासारखीच फिकट होती. डीएनएची पिशवी शेजारी लोंबत होती, कोकमाच्या आगळासारखी गडद.

सरांनी सवय मोडलेल्या हाताने नमुने घेतले, यंत्रात धरले, आकडे स्वतःच मोठ्याने वाचले. चौथ्या जागेवाल्यापेक्षा कमी. पण नुसत्या पाण्याच्या कितीतरी पट.

“डीएनएने घेतलाय हे मान्य,” सर म्हणाले. “पण बाहेरून धरलाय कशावरून? हाही कुठेतरी फटीत अडकला असेल.”

“मीठ घालून बघू या सर. दोन्ही बरण्यांत.”

मिठाचे धन कण डीएनएच्या कडेला येऊन गर्दी करतात. जो नुसत्या ओढीवर बाहेरून धरून आहे, त्याची जागा ते घेतात आणि त्याचा हात सुटतो. जो पायऱ्यांमध्ये शिरून बसला आहे तो सहजासहजी निघत नाही. सरांनी मीठ तोलून घातलं, ढवळलं. मग करण्यासारखं काही उरलं नाही. तिला बाहेर व्हरांड्यात बसवेना. ती बरणीसमोर उंच स्टुलावर बसली, पिवळे हात मांडीवर. एवढा वेळ, एवढी वर्षं, त्याने धरून राहावं म्हणून तिचा जीव खालीवर झाला होता. आता त्याने सोडावं म्हणून ती वाट बघत होती, आणि तिला नवल वाटलं, की त्यात दुःख काहीच नाही. सुटेल त्यानेच बाहेरून धरलं असणार. खिडकीतली उन्हं टेबलावरून सरकत भिंतीवर गेली. चौथ्या जागेवाल्याची पिशवी काळसर होती तशीच होती. दुसरीच्या अंगातून मात्र धुरासारखा एक तांबूस धागा बाहेर निघाला, मग दुसरा, आणि बघता बघता बाहेरचं पाणी रंगत गेलं, पिशवी उजळत गेली. सर तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. तपकिरीचा वास आला.

“सुटला,” ते म्हणाले.

“हो सर.”

“म्हणजे धरलं होतं.” त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “पाचवं प्रकरण राहू द्या, बाई. आधीची काचेतली मोजमापं काढून टाका, पिशव्यांनी पुन्हा करा. मी सांगतो कॉलेजला, रजा थोडी वाढवा म्हणून.”

बरंच काम होतं. तिला ते सगळं समोर दिसत होतं आणि त्याचं ओझं वाटत नव्हतं. सकाळपासून पोटात काही नाही हे तिला आत्ता जाणवलं. दोघं व्हरांड्यात आली. तिने पिशवीतून काकीने बांधून दिलेली लाडवांची पुरचुंडी काढली आणि सरांपुढे धरली. सरांनी हात पुढे केला, आणि आपल्याच बोटांवरचे तांबूस डाग बघून मागे घेतला.

“माझे हात रंगाचे झालेत,” ते म्हणाले.

सुंदराने टेबलावरून आणलेला एक कोरा गाळणकागद कठड्यावर पसरला, लाडू फोडला आणि त्यातला मोठा तुकडा त्यावर ठेवून कागद त्यांच्याकडे सरकवला.

“माझे चालतील सर,” ती म्हणाली. “हळदीचे आहेत.”